दुखणं गेलं, वजन मात्र राहिलं!

मोठ्या दुखण्यातून उठल्यावर तीन-चार महिन्यांनी तुम्ही पहिल्यांदा एखाद्या हळदी-कुंकवाला जाता. दारातच कुणीतरी मावशी किंवा वहिनी तोंडभर हसून म्हणते, "अगंबाई, तब्येत किती छान सुधारली गं तुझी! ओळखूच येईना." तुम्हीही हसता. घरी येऊन कपाटातला जुना ब्लाउज काढता, तर तो दंडातच अडतो. मग लक्षात येतं की आपल्याकडे 'तब्येत सुधारली' याचा अर्थ एकच असतो, वजन वाढलं!

खरं तर तब्येत आणि वजन या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पण आपल्या भाषेनेच त्यांची गाठ अशी मारून ठेवली आहे की अंग भरलं म्हणजे दुखणं पळालं, असं आपण धरून चालतो. जिना चढताना धाप लागते, पाण्याची बादली उचलवत नाही, दुपारी चारला अंग गळून जातं. आणि तरी काटा मात्र दहा किलो वर! अशक्तही आणि लठ्ठही, असं दोन्ही एकाच वेळी कसं असू शकतं, हे कोडं कितीतरी बायकांना पडतं. आज हेच कोडं आपण नीट उलगडून पाहू या.

अशक्तपणा आणि लठ्ठपणा एकाच अंगात कसे?

आजारात आपण बारीक होतो, तेव्हा नुसती चरबी जात नाही. ताप, ऑपरेशन, अंथरुणावर पडून राहणं, नीट जेवण न जाणं, या सगळ्यांत स्नायू झिजतात. मांड्यांतली, पाठीतली, दंडातली ताकद जाते ती यामुळेच. मग बरं वाटायला लागतं, भूक परत येते आणि घरातले प्रेमाने खाऊ घालू लागतात. सासूबाई डिंकाचे लाडू वळतात, आई माहेराहून आळिवाची खीर करून आणते, सकाळी तुपातला शिरा. आणि वर ताकीद, "उठू नकोस हं, पडून राहा." झालं! गेलेले स्नायू हालचालीशिवाय परत येत नाहीत, पण चरबी मात्र काही न करता परत येते, तीही व्याजासकट. वजन पूर्वीइतकं झालं तरी अंग पूर्वीचं राहत नाही, ते याचसाठी.

याशिवाय आणखी काही कारणं असतात आणि ती ओळखणं फार गरजेचं असतं. दमा, सांधे किंवा इतर काही आजारांत स्टिरॉईडच्या गोळ्या देतात, त्यांनी भूक वाढते आणि चेहरा-पोट सुटतं. मधुमेहाची काही औषधं आणि इन्शुलिन यांनीही वजन वाढू शकतं. थायरॉइडचं काम मंदावलं तर थकवा, बद्धकोष्ठ, केस गळणं आणि वजन असं सगळं हातात हात घालून येतं. म्हणून वजन कमी करायला निघण्याआधी डॉक्टरांना विचारून थायरॉइड, साखर, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्यावं. आणि एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. औषधाने वजन वाढतंय असं वाटलं तरी ते मनाने बंद करायचं नाही. स्टिरॉईड तर एकदम तोडणं धोक्याचं असतं.

वजन सगळ्यांनीच उतरवायचं असतं, असंही नाही. क्षयरोगातून उठणाऱ्या बाईने ते वाढवायचं असतं. म्हणून शेजारणीचं पाहून आपण सुरू करायचं नाही. आपलं दुखणं कोणतं, ते आधी पाहायचं.

'पिशवी काढली', पण नेमकं काय काढलं?

आता जरा आपल्या बीड जिल्ह्याबद्दल बोलू या. इथे एक मोठं दुखणं असं आहे की त्याचा उल्लेख बायका दात काढल्यासारखा सहज करतात. "माझी पिशवी काढलीय." बस्स, एवढंच. जणू घरातली अडगळ काढली!

२०१९ साली हा विषय सगळ्या देशात गाजला. ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या बायकांमध्ये गर्भाशय काढण्याचं प्रमाण भलतंच जास्त असल्याचं पुढे आलं आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक! २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशभर हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. दोन आकडे शेजारी ठेवले की फरक सांगावा लागत नाही.

दिवाळीच्या आसपास नवरा-बायकोचा 'कोयता' कारखान्याच्या वाटेला लागतो. फडात ना पाण्याची सोय, ना आडोसा. खाडा झाला की पैसे कापले जातात. पाळीचा त्रास, अंगावरून जाणं, पोटात दुखणं, हे सगळं अंगावर काढता काढता बाई दवाखान्यात गेली की "पिशवी खराब झालीय" असं ऐकून परत येते. कितीतरी जणींनी तिशी-पस्तिशीतच ऑपरेशन करून घेतलं.

तुम्ही म्हणाल, आम्ही तर शहरात राहतो, आमचा उसाशी काय संबंध? संबंध असा, की पिशवी काढलेली बाई तुमच्या गल्लीतही आहे, कदाचित तुमच्या घरातही आहे. कधी ऑपरेशन खरोखरच लागतं. मोठ्या गाठी असतात, न थांबणारा रक्तस्राव असतो, कर्करोग असतो. तेव्हा ते जीव वाचवतं. पण कारण कोणतंही असो, नंतरचं आयुष्य कसं जगायचं हे फारसं कुणी सांगत नाही. टाके निघाले की आपण मोकळे!

म्हणून आज घरी एक काम करा. ट्रंकेतून, कपाटातून, देवघराच्या फळीवरून, जिथे असेल तिथून ऑपरेशनचा तो जुना कागद, दवाखान्यातून घरी सोडताना देतात ते कार्ड, शोधून काढा. ते डॉक्टरांना दाखवून एकच प्रश्न विचारा, "माझी नुसती पिशवी काढली, की दोन्ही बाजूंची अंडाशयंही काढली?"

हा प्रश्न का? तर पाळी बंद झाली तरी अंडाशयं जागेवर असली की ती आपलं काम करीत राहतात. शरीराला लागणारा इस्ट्रोजेन हा स्राव तिथूनच येतो. तीही काढली असतील, तर तिशीतल्या बाईला एका दिवसात पन्नाशीचं शरीर मिळतं. अंगातून वाफा निघणं, रात्री घाम, झोप उडणं, चिडचिड हे तर होतंच, शिवाय आतल्या आत हाडं ठिसूळ होऊ लागतात आणि पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो. अशा बाईने लवकर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटून हार्मोनच्या गोळ्या घ्यायच्या का, कॅल्शियम किती घ्यायचं, हे विचारायलाच हवं. तिच्यासाठी वजन आणि व्यायाम हा दिसण्याचा प्रश्न उरत नाही. पुढच्या तीस-चाळीस वर्षांच्या हाडांचा आणि हृदयाचा तो प्रश्न असतो.

आष्टीच्या पोराकडून काय घ्यावं?

आता जरा उमेद देणारी गोष्ट. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं नाव तुमच्या मुलांना तोंडपाठ असेल. शेतकऱ्याचा मुलगा. शाळा सहा किलोमीटरवर, तिथे चालत-पळत जायचं. बारावीनंतर तो सैन्यात गेला, सियाचिनच्या बर्फात राहिला आणि तिथून धावण्याकडे वळला. हा मुलगाही एकदा जाड झाला होता, बरं का! दुखापत झाली, सराव सुटला आणि वजन चढलं. मग सैन्यातले प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या हाताखाली त्याने तीन महिन्यांच्या आत पंधरा किलोंहून जास्त वजन उतरवलं आणि पुन्हा धावायला लागला.

पुढचं आपण पाहिलंच. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेसमधला ३७ वर्षांचा जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी. या शर्यतीत २८ अडथळे आणि त्यावर पाण्यातल्या ७ उड्या असतात. पण त्याच्या आयुष्यातला अडथळा मोजायचा तर आणखी एक धरावा लागेल. २०२५ च्या जुलैत मोनाकोच्या शर्यतीत गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया करावी लागली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

आता कृपा करून त्याच्यासारखे तीन महिन्यांत पंधरा किलो उतरवायला जाऊ नका. तो ऐन तारुण्यातला जवान, डोक्यावर प्रशिक्षक, दिवसभर कामच ते. आपण आजारातून उठलेल्या बायका. आपल्याला आठवड्याला अर्धा किलो, महिन्याला दोन किलो पुरे. त्याच्याकडून घ्यायचं ते एवढंच, की वजन वाढलं म्हणजे सगळं संपलं असं नसतं. आणि दुखण्यानंतर पहिल्यापासून सुरुवात करण्यात कमीपणा नसतो. विक्रमवीरालाही ती चुकत नाही!

किती उतरवायचं?

आरशाला विचारू नका आणि जाऊबाईंनाही विचारू नका. शिवणाच्या डब्यातली टेप काढा आणि बेंबीच्या पातळीवर, पोट आत न ओढता, कंबर मोजा. भारतीय बाईची कंबर ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत असावी. पाच फूट उंचीच्या बाईचं वजन ५३ किलोपर्यंत ठीक, ५८ च्या पुढे गेलं की त्याला लठ्ठपणा म्हणतात. आता तुमचं वजन सत्तर असेल तर घाबरून जाऊ नका. सत्तरातले साडेतीन किलो उतरले तरी रक्तातली साखर आणि रक्तदाब यांत फरक दिसू लागतो. आधी तेवढंच ठरवा. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, त्याच काट्यावर करा. रोज काट्यावर चढणाऱ्या बाईचा जीव रोज वरखाली होतो!

जेवण कमी नको, बदललेलं हवं

वजन उतरवायचं म्हणून एक वेळ जेवण सोडणं ही सगळ्यांत मोठी चूक. आजाराने आधीच झिजलेले स्नायू उपासाने आणखी झिजतात. आणि आपले उपास तरी कसले? साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचं कूट, बटाटा, तूप. एकादशी अन् दुप्पट खाशी!

स्नायू परत यायला प्रथिनं लागतात. साठ किलोच्या बाईला दिवसाला साधारण ५० ग्रॅम. ती आपल्या ओट्यावरच आहेत. दोन ज्वारीच्या भाकरीत बारा-तेरा ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, मोड आलेल्या मटकीच्या वाटीत तेवढीच, पिठल्याच्या वाटीत सहा, मूठभर शेंगदाण्यात सात, पेलाभर दुधात सहा-सात. खात असाल तर एका अंड्यात सहा. जोडून पाहा, पन्नास सहज भरतात. हुलग्याचे शेंगोळे, येसरची आमटी, करडईची आणि अंबाडीची भाजी, तांदुळजा, ताक, हे आपलं मराठवाड्याचं जेवण आजारातून उठलेल्या बाईला उत्तमच आहे. बिघडतं ते त्यावरच्या तेलाच्या तवंगाने आणि वाढप्याच्या हाताने. (मूत्रपिंडाचा विकार असेल, तर प्रथिनं किती घ्यायची ते मात्र डॉक्टरांनाच विचारा.)

आता उष्मांकांचा जमाखर्च पाहा. एक लहान चमचा तेल म्हणजे ४५ उष्मांक. साखरेचा चमचा २०. दिवसातून पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे झाले २०० उष्मांक, तेही पोट न भरता! डिंकाचा एक लाडू दीड-दोनशेचा. आणि अर्धा तास चालून आपण खर्च करतो शंभर-सव्वाशे. म्हणजे एक लाडू फेडायला अर्धा तास चालूनही पुरत नाही. लाडू वाईट नाही हो. पण बाळंतिणीचा खुराक चाळिशीतल्या बाईने सहा महिने खाल्ला की तो अंगावर बसणारच. सासूबाईंचं मन मोडू नका, लाडू सुपारीएवढा वळायला सांगा. आमच्या बालाघाटचं सीताफळही एखादं खा, आख्खी टोपली संपवू नका.

आणि एक नाजूक गोष्ट. सगळ्यांच्या मागून जेवायला बसायचं, कढईतली उरलेली भाजी, पोराच्या ताटातली अर्धी पोळी, 'टाकवत नाही' म्हणून पोटात ढकलायची. बाईचं पोट म्हणजे काही खरकट्याची बादली नव्हे! उरलं तर संध्याकाळी फोडणी द्या, गाईला घाला, पण स्वतःला त्याची शिक्षा देऊ नका. आधी ताट वाढून घ्या, तेवढंच जेवा.

घरकाम म्हणजेच व्यायाम का?

"दिवसभर उभीच असते मी, आणखी व्यायाम तो कसला?" हा प्रश्न ऐकला नाही असं एक घर नसेल. आपल्या आजीचं खरं होतं. जातं, पाटा-वरवंटा, विहिरीवरचं पाणी. आता मिक्सर, गॅस, नळ आणि दळणाला स्कूटी. उभं राहून पाय दुखतात, ताकद वाढत नाही. थकवा म्हणजे व्यायाम नव्हे.

पोटाचं मोठं ऑपरेशन झालं असेल तर पहिले सहा आठवडे भरलेली बादली, सिलिंडर, कडेवर मूल, काहीही जड उचलायचं नाही. पण नुसतं पडूनही राहायचं नाही. घरातल्या घरात दिवसातून चार-पाच वेळा चाला, पडल्या पडल्या घोटे वर-खाली हलवा, खोल श्वास घ्या. पायांत रक्त साकळत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली की मग असं करा :

पहिला आठवडा - सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं सपाट रस्त्यावर चालणं.

पुढे दर आठवड्याला - प्रत्येक वेळी पाच मिनिटं वाढवा. आठवड्यातून पाच दिवस अर्धा-अर्धा तास, म्हणजे १५० मिनिटं, एवढं चालणं जागतिक आरोग्य संघटना सगळ्यांनाच सांगते. चालताना बोलता यावं पण गाता येऊ नये, असा वेग ठेवा.

आठवड्यातून दोन दिवस - खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठा-बसा. भिंतीला तळवे टेकवून दहा वेळा पुढे-मागे व्हा. लिटरच्या पाण्याच्या भरलेल्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन दहा वेळा वर-खाली करा. स्नायू येतात ते यानेच.

रोज - लघवी अडवून धरताना आवळतो ते स्नायू पाच मोजेपर्यंत आवळा आणि सोडा, असं दहा वेळा. खोकताना-शिंकताना लघवीचा थेंब जातो, हे दुखणं बायका कुणालाच सांगत नाहीत. त्यावर हा उपाय. गॅसजवळ उभ्या उभ्याही करता येतो, कुणाला कळतसुद्धा नाही!

आपल्याकडचं ऊन ठाऊक आहेच. एप्रिल-मेमध्ये चालणं सात वाजायच्या आत उरका. बीडला खंडोबाच्या टेकडीची वाट आहे, अंबाजोगाईला मुकुंदराजांच्या समाधीचा रस्ता. चढ मात्र सपाटीवर महिनाभर चालल्यावरच.

छातीत दुखलं, चक्कर आली, अंगावरून जाऊ लागलं, ताप आला किंवा एकच पाय सुजून दुखू लागला, तर व्यायाम बंद आणि थेट दवाखाना. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि बीडचं जिल्हा रुग्णालय आपल्यासाठीच आहेत. "उद्या जाईन" म्हणू नका.

सकाळचा अर्धा तास कुणाचा?

एवढं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, बाई, सगळं पटलं. पण सकाळी सहाला मी चालायला गेले, तर पाणी कोण भरणार, डबा कोण करणार? खरी अडचण हीच आहे. ती लाडवातही नाही आणि काट्यातही नाही. आजारात घराने तुम्हाला जपलं, दवाखान्यात पैसा घातला, रात्री जागून काढल्या. पण तुम्ही उठून चहा केलात त्या दिवशी घराच्या लेखी तुमचा आजार संपला. पुढचं बरं होणं तुमचं तुम्हीच, सगळी कामं उरकून, मिळेल त्या वेळात करायचं!

तेव्हा हा अर्धा तास मागून घ्या. रडून नव्हे, भांडूनही नव्हे. औषधाच्या चिठ्ठीवर डॉक्टरांकडून लिहूनच आणा, 'रोज तीस मिनिटं चालणं'. गोळी चुकली तर नवरा ओरडतो ना? मग ही सुद्धा गोळीच. कणीक रात्री मळून ठेवा, डब्याची भाजी निवडून ठेवा, पाणी भरायचं काम मुलावर किंवा त्याच्या वडिलांवर सोपवा. शक्य तर सासूबाईंनाच सोबत घेऊन निघा. त्यांचेही गुडघे सैल होतील आणि तक्रारही राहणार नाही!

आणि सहा महिन्यांनी पुन्हा कुठे हळदी-कुंकवाला गेलात आणि कुणी काळजीने म्हणालं, "काय गं, वाळलीस किती! बरं नाही का?" तर नुसतं हसा. जिना न थांबता चढून आला असाल, भरली बादली एका हाताने उचलत असाल, तर तब्येत सुधारली आहे. अगदी खरीखुरी!